कारवटवाडीचं गोमुख

बुवांनी उपरण्याचं टोक कमरेला खोचलं, झांज खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

"हे ठोसरसाहेब. यांना विचारा, माणसाचं मन म्हणजे काय? गाळ. डोंगर धुऊन उरलेला तांबडा गाळ. मोकळा सोडला तर खालची वस्ती बुडवील. नुसता कोंडून ठेवला तर एक दिवस बांधासकट येईल. मग साहेबांनी काय केलं? गाळ आत ठेवला आणि पाण्याला बाहेरची वाट करून दिली. आत पाहावं तर तांबडालाल चिखल, आणि बाहेर येतं ते पाणी कसं?"

"निर्मळ," बायकांच्या बाजूने दोन-चार आवाज आले.

मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसलो होतो. कपाळाला बुक्का, गळ्यात बुवांनी स्वतःच्या गळ्यातला काढून घातलेला हार. डोळे भरून आले होते. या बांधावर मी तीन परिषदांत निबंध वाचले होते, पण बांध खरा समजला तो मुकुंदबुवा आरळेकरांना, असं मला त्या घटकेला वाटलं. आदल्या दिवशी चहा पिताना ते सगळं मीच त्यांना सांगितलं होतं, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. कोयनेच्या खोऱ्यालगत एका डोंगरमाथ्यावर बॉक्साइटची खाण होती. खणलेला माल धुऊन दगड न्यायचा आणि मागे उरलेला पातळ गाळ डोंगराच्या कुशीत बांध घालून साठवायचा. तो बांध माझा. बांधाखाली हाकेच्या अंतरावर कारवटवाडी, चाळीस घरांची. आणि मुलूख असा, की जेवताना ताटातली वाटी थरथरली तर माणसं वाटी धरून ठेवतात आणि घास पुढे चालू.

बांधाच्या पूजेनिमित्त तीन दिवस दुपारचं कीर्तन ठेवलं होतं. कीर्तनाची हौस माझीच. हा शेवटचा दिवस, उत्तररंग संपत आलेला.

"एवढं निर्मळ पाणी," बुवा म्हणाले, "बांधाच्या पायथ्याला सात नळांतून पडतं आणि ओढ्यात जातं. ओढ्यात काय? म्हशी. आता म्हशींनाही देवाने निर्माण केलंय, त्यांच्याविषयी तक्रार नाही." लोक हसले. "पण या सात धारा एकत्र आल्या आणि एका गोमुखातून पडल्या, तर कारवटवाडीला काशीला जायला नको. साहेब, होईल ना एवढं?"

हार्मोनियमवाल्याने सूर धरून ठेवला. आसपासच्या वाड्यांतून आलेली आठशे माणसं माझ्याकडे बघत होती.

कीर्तनाला उभा राहिलेला माणूस नारदाच्या गादीवर असतो. तिथे वय नसतं, हुद्दा नसतो. माझे वडील सत्तरीत असताना पंचविशीच्या बुवाच्या पाया पडत. गादीवरून मागणं आलं तर नाही म्हणायचं नाही, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. घरातच तसं होतं.

मी मान हलवली. गजर झाला. त्या गजरात माझाही आवाज होता.

नाही म्हणणं मला येत नव्हतं असं कुणी समजू नये. त्याआधी वर्षभर मी दुसरं काही केलंच नव्हतं. खाणीचे व्यवस्थापक रणदिवे यांना बांध स्वस्तात हवा होता. स्वस्त पद्धत अशी, की पहिला बांध भरला की आतल्या वाळत आलेल्या गाळावरच पुढचा थर रचायचा, आणि असं आत आत सरकत वर जायचं. जिथे जमीन हलत नाही तिथे हे चालून जातं. इथे जमीन हलते. ओला गाळ हलला की त्याची माती राहत नाही, ताक होतं. मी म्हटलं, प्रत्येक थर बाहेरच्या अंगाला, पक्क्या जमिनीवर चढेल, आणि बांधाच्या पोटाखाली खडीचा थर टाकून सात नळांनी पाणी बाहेर काढायचं. बांध कोरडा राहिला तर उभा राहील.

"सात कशाला? चार पुरेत," रणदिवे म्हणाले होते.

"सात."

"ठोसर, तुम्ही देवभोळे आहात म्हणून सात म्हणता. सप्तर्षी, सप्तपदी."

"हिशेबाने सहा लागतात. एक तुंबला तर म्हणून सातवा."

"बरं, बांधाच्या पोटातलं पाणी एखादा फूट जास्त चढू दिलं तर काय प्रलय येतो?"

"एक फूटसुद्धा देणार नाही."

शेवटी कंटाळून त्यांनी सही केली, आणि माझ्या पाठीमागे मला 'नन्नाबुवा' म्हणायला लागले. मला त्याचा अभिमान होता.

गोमुख कारवटवाडीने महिन्याभरात बांधलं. सरपंच दाजीबा शेलार यांनी कोल्हापुरातून पितळेचं तोंड ओतवून आणलं. सात नळ एका दगडी हौदात घेतले, हौदाला वरून फरशी टाकून सिमेंटने गच्च बंद केलं, आणि समोरच्या भिंतीत गोमुख बसवलं. नकाशा मी काढला, खाली सही केली. पहिल्या नकाशात गोमुख गुडघ्याच्या उंचीवर होतं.

"ह्ये असं कसं सायेब," दाजीबा म्हणाले. "मानसानं काय वाकून तोंड धुवायचं व्हय? धार डोक्यावर पडाय पायजे. गंगा डोक्यावर घेत्यात."

"डोक्याच्या वर म्हणजे हौदात सहा-सात फूट पाणी साठेल, दाजीबा. ते मागे नळांत तुंबतं."

"बुवा काय म्हनले? काशी. काशी गुडघ्यात असती का?"

मी घरी जाऊन हिशेब केला. बांधात नऊ फुटांपर्यंत पाणी चढलं तरी धोका नाही, एवढी सूट मीच ठेवली होती. सध्या दोन फूट होतं. दोन आणि सात नऊ. बसत होतं. अगदी नेमकं बसत होतं. मी जुना नकाशा फाडला आणि नवा काढला. रणदिव्यांना एक फूट न देणारा मी, बुवांना सात फूट देऊन बसलो आणि रात्री समाधानाने झोपलो.

धार सुरेख पडत होती. लोक सोमवारी यायला लागले, मग रोज यायला लागले. नारळाची दोन दुकानं झाली. वाडीचा खाणीला असलेला विरोध विरघळून गेला. रणदिव्यांनी मला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. "वर्षभर मी जे वकील लावून करू शकलो नाही ते तुमच्या गोमुखाने केलं," ते म्हणाले, आणि मालाच्या धुवणाची दुसरी पाळी सुरू केली.

बांधात पाच उभ्या नळ्या रोवलेल्या होत्या. त्यात फुटाच्या खुणा केलेली दोरी सोडायची आणि आत पाणी कुठवर चढलंय ते बघायचं. हे काम मी सिंधूबाई शेडग्यांना दिलं होतं. वाडीतलं बांधाच्या सर्वांत जवळचं घर त्यांचं. पन्नाशीच्या आत-बाहेर, विधवा, आवाज असा की बांधाच्या वरून खालच्या म्हशीला शिवी देत आणि म्हैस वळत असे. सदुसष्टच्या भूकंपात त्यांचं माहेरचं घर बसलं होतं, आजा आणि धाकटी बहीण त्यात गेली. दोरी त्या कधी चुकवत नसत.

एका सोमवारी सकाळी त्या ऑफिसच्या दारात आल्या आणि वही माझ्या टेबलावर ठेवली.

"सायेब, पानी किती चढलं तर चालतंय?"

"नऊ फूट."

"मग ह्ये बगा."

मधल्या नळीत बारा फूट होतं. आठवड्यापूर्वी दहा.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. मागल्या सोमवारी आले हुते. तुमी गोमुखाखाली उभं हुता, डोळं मिटून. दोनदा हाक मारली. म्हनलं, देवाच्या दारात मानसाला हलवू न्हाई."

मी वही मिटली. दुसऱ्या पाळीचं पाणी माझ्या हिशेबात नव्हतं. सात नळांना पेललं असतं. एका पितळी तोंडाला पेलत नव्हतं.

"सायेब," सिंधूबाई म्हणाल्या, "आता हाललं तर?"



"तर बांध सरकेल."

"म्हंजी पयलं आमचं घर."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग उठा."

रणदिव्यांकडे गेलो. गोमुख काढायचं आहे आणि तोवर धुवण बंद, असं सांगितलं. त्यांनी कपाट उघडून माझा नकाशा काढला आणि माझ्याच सहीवर बोट ठेवलं.

"हा कोणी काढला?"

"मी."

"चुकला म्हणताय?"

"हो."

"आणि ते चार-सात नळांचं भांडण झालं तो नकाशा? तो बरोबर होता हे कशावरून?" त्यांनी कपाट बंद केलं. "ठोसर, गोमुखाला हात लावलात तर उद्या ही वाडी खाणीच्या फाटकावर येईल. वर्षातून एकदा हो म्हणालात, तेही परत घेता? धुवण बंद होणार नाही."

दोन माणसं आणि पहार घेऊन मी तसाच खाली गेलो. मी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दाजीबा गोमुखाला पाठ लावून बसले होते, शेजारी वीस-पंचवीस बाया-माणसं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. भजन चाललं होतं. एका आजीने मला तीर्थ दिलं. मी ते ओंजळीत घेतलं, प्यायलो आणि मागे फिरलो.

कराडला बुवांच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बुवा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता अडकित्ता थांबला.

"साहेब, एक विचारू? मी मॅट्रिक नापास. मला बांधातलं काय कळतं?"

"काही नाही."

"मी दृष्टांत दिला. तो मी रोज देतो. कधी समुद्राचा देतो, समुद्र काही माझ्या सांगण्यावरून वागत नाही. तुम्हाला विचारलं, होईल ना? तुम्ही मान हलवलीत. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आज माझ्या तोंडून शास्त्राला धरून वाक्य निघालं, इंजिनीअरने मान्य केलं."

"गादीवरच्या माणसाला नाही कसं म्हणणार?"

"आणि शिकलेल्या माणसाने हो म्हटल्यावर मी शंका कशी घेणार?"

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. मग उठले आणि खुंटीवरचा फेटा घेतला.

"उद्या चार वाजता कीर्तन लावा. गादीवरून मागितलं ते गादीवरूनच परत मागावं लागेल. पण मी नुसतं मागणार. का, ते तुम्ही सांगायचं. लोकांसमोर."

दुसऱ्या दिवशी कीर्तन गोमुखासमोरच झालं. पूर्वरंग बुवांनी पाच मिनिटांत आवरला, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "आज आख्यान साहेब लावणार आहेत."

मी उभा राहिलो. मी बांधावरचा गाळ दोन घमेल्यांत आणला होता. एक वाळलेला, दाबून बसवलेला. दुसरा ओला. दोन्हींवर एकेक वीट उभी केली आणि घमेल्यांना काठीने हळूहळू ठोकू लागलो. वाळल्या गाळावरची वीट तशीच उभी राहिली. दुसऱ्या घमेल्यात आधी वर पाणी सुटलं, मग वीट कलली, मग गिळल्यासारखी आत गेली.

पुढच्या बायांनी माना वर करून पाहिलं. कुणी तरी "गेली" म्हणालं.

"गोमुखाने आपला बांध ओला केलाय," मी म्हणालो. "दोष गोमुखाचा नाही, नकाशाचा आहे. नकाशा मी काढला. मला कळत होतं आणि मी हो म्हणालो."

दाजीबा उठले. "सायेब, घमेलं तुमी हालवलं म्हनून वीट बुडाली. एवढा बांध कोन हालवनार?"

"सदुसष्ट साली आमचं घर कुनी हालवलं हुतं, दाजीबा?" सिंधूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तुमी हुता का घमेलं ठोकायला?"

बुवांनी झांजेचा एकच ठोका दिला.

"मंडळी, याच गादीवरून मी गोमुख मागितलं होतं. याच गादीवरून परत मागतो. द्याल?"

दाजीबा बराच वेळ उभे राहिले. त्यांना नाही म्हणायचं होतं, हे आठशे माणसांना दिसत होतं. पण ते माझ्याच पंथातले निघाले. त्यांनी हात जोडले आणि खाली बसले.

पहिला घाव सिंधूबाईंनी घातला. हौदाची भिंत फुटली तेव्हा पाणी असं बाहेर आलं की पुढच्या रांगेतली चटई वाहून गेली, तबला ओला झाला. सात नळ मोकळे झाले. तीन दिवस ते जाड धारेने वाहिले, मग बारीक झाले. सिंधूबाई दिवसातून दोनदा दोरी सोडू लागल्या. दहा. आठ. पाच. दुसरी पाळी चालू होती तरी पाणी चारावर येऊन थांबलं. बुवा कराडला गेले, दाजीबांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि नारळाची दुकानं उठली.

एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, धक्का बसला.

वाटी धरायचा तो धक्का नव्हता. ऑफिसची कपाटं उघडली, रणदिवे टेबलाखाली गेले. मी बाहेर पळालो आणि बांधाकडे बघत उभा राहिलो. आयुष्यात एवढं लांब मिनिट मी दुसरं पाहिलं नाही. धूळ उठली. धूळ खाली बसली. बांध जागेवर होता.

वर चढलो तर सिंधूबाई माझ्या आधी पोचल्या होत्या, अनवाणी, हातात दोरी. बांधाच्या माथ्यावर बोट जाईल एवढी एक भेग पडली होती. मधल्या नळीतलं पाणी दीड फुटाने उसळलं होतं. आम्ही दोघे तिथे बसून राहिलो. तासाभरात ते पुन्हा खाली गेलं.

"तवाचं बारा आसतं तर?" त्यांनी विचारलं.

मी खाली त्यांच्या घराकडे बोट केलं.

त्यांनी दोरी गुंडाळली. "जाते. म्हस सुटली आसंल."

वाडीत भिंतींना तडे गेले, बरीच कौलं पडली, शाळेची पडवी बसली. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. एका म्हाताऱ्याचा हात मोडला. बाकी कुणाला काही नाही.

धक्क्यानंतर पाचव्या दिवशी रणदिव्यांनी मला बोलावलं. टेबलावर एक अर्ज होता. चेहरा गंभीर ठेवायला त्यांना कष्ट पडत होते.

"वाचा," ते म्हणाले. "कारवटवाडी ग्रामस्थांचा आहे."

मी वाचला. सदर इंजिनीअर यांनी देवाचं गोमुख फोडल्यामुळे देवाचा कोप होऊन भूकंप झाला. गोमुख होतं तोवर एकही मोठा धक्का बसला नव्हता, याला सर्व ग्रामस्थ साक्षी आहेत. बांध टिकला तो केवळ गोमुखाच्या उरलेल्या पुण्याईने. तरी सदर इसमाची तात्काळ बदली करावी.

"पुराव्याच्या दृष्टीने पाहिलं," रणदिवे म्हणाले, "तर तारखा त्यांच्या बाजूने आहेत."

"आहेत खऱ्या."

"मला बदली करावी लागेल. लोकांना दुखवून खाण चालत नाही. पण ठोसर, तुम्ही काही म्हणणं मांडणार असाल तर लेखी द्या. बुवा साक्ष देतील. ती दोरीवाली बाई देईल."

"सिंधूबाई सकाळी घरी येऊन गेल्या," मी म्हणालो. "म्हणाल्या, सायेब, मी बी सही केली. न केली तर वाडीत ऱ्हाऊ द्यायचे न्हाईत, आन तुमी तर काय, जानारच हाय."

रणदिवे हसले. मी अर्ज उलटला. मागच्या बाजूला सह्या होत्या, घरागणिक एक, दाजीबांपासून खाली. काही वळणदार, काही निळ्या शाईचे अंगठे. ज्याचा हात मोडला होता त्या म्हाताऱ्याने डाव्याऐवजी उजव्या हाताचा उठवला होता. मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि बोट फिरवत एकेक सही मोजली. मग पुन्हा एकदा मोजली.

"काय शोधताय?" रणदिव्यांनी विचारलं. "कोणी राहिलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "चाळीसच्या चाळीस घरं आहेत."